जुनं ते सागवान

स्टीलच्या एका पातेल्यापायी महाराष्ट्रातल्या घरांनी किती पितळ मोडीत घातलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही, हे बरंच झालं. ठेवला असता तर आजच्या पिढीनं आईवडिलांशी अबोला धरला असता. साठ-सत्तरच्या दशकात स्टील घरोघर शिरलं आणि पितळेवरची माया एकाएकी आटली. त्याला कारणंही होती. पितळेला कल्हई लागायची. कल्हईवाला गल्लीत ओरडत यायचा तेव्हाच नेमके घरात सुट्टे पैसे नसायचे, आणि कल्हई उडालेल्या पातेल्यात आमटी राहिली की कळकायची. चिंच लावून, राख लावून घासता घासता बायकांचे हात झिजले. शेवटी त्यांनी घंगाळं, हंडे, पराती, बंब सगळं मोडीच्या भावानं तोलून दिलं, आणि त्या बदल्यात आलेल्या चकचकीत डब्यांवर हौसेनं नावं कोरून घेतली. त्यांचं काही चुकलं नाही. मोडीचा भाव किलोवर असतो, त्यात आजीच्या आठवणींचं वजन धरत नाहीत.

आता तेच घंगाळ परत आलं आहे. बंगल्याच्या पोर्चमध्ये, फ्लॅटच्या लॉबीत, मंगल कार्यालयाच्या दाराशी पोटात पाणी भरून आणि वर झेंडूच्या पाकळ्या सोडून ते बसलेलं असतं. येताना मात्र ते किलोवर येत नाही, नगावर येतं. गेलं तेव्हा भंगार होतं, आलं तेव्हा अँटिक. मधल्या पन्नास वर्षांत घंगाळानं स्वतः काहीही केलेलं नाही.

ही उलाढाल मी लांबूनच बघत होतो. पण आमच्या धाकट्या मेहुण्यांनी सिंहगड रस्त्यावरचा आपला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट नव्यानं करायला काढला आणि ती थेट घरात आली. आधी त्यांनी रीतसर एका इंटिरिअरवाल्याला बोलावलं. त्यानं लॅपटॉपवर घर गोल गोल फिरवून दाखवलं. त्या घरात कुठंही कपडे वाळत घातलेले नव्हते, दाराशी चपला नव्हत्या, आणि सासूबाईंची औषधांची पिशवी तर औषधालासुद्धा नव्हती. कोटेशनच्या शेवटच्या ओळीतला आकडा बघून मेहुण्यांना वाटलं, यात फ्लॅटची किंमतही धरली असणार. माणूस गेल्यावर ते बराच वेळ बाल्कनीत उभे राहिले आणि आत आले ते निर्णय घेऊनच.

"दाजी, सगळं सेकंडहँड घ्यायचं. जुनं लाकूड, जुन्या वस्तू. निम्म्याच्या निम्म्यात घर होतं. शिवाय क्वालिटी बघा ना! आताच्या प्लायवूडला काय अर्थ आहे?"

प्लायवूडला अर्थ नाही, हे वाक्य ज्या घरात उच्चारलं जातं त्या घराचे पुढच्या वर्षभराचे रविवार गेले असं खुशाल समजावं.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, कुंभारवेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी भरतो. रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर एका संस्कृतीचं पोट उघडून ठेवलेलं असतं. किल्ली नसलेली कुलपं, कुलूप नसलेल्या किल्ल्या, एका पायाचा बूट, कुठल्याच टीव्हीचा नसलेला रिमोट, ड्रिल मशीन, पाण्याच्या मोटारी, गंजलेले पान्हे, ग्रामोफोनचा कर्णा आणि नवा कर्णा जुना दिसावा म्हणून केलेले कष्ट. इथं खरेदी करण्याचं एक शास्त्र आहे. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. शेजारच्या वस्तूची चौकशी करायची, तोंड वाकडं करायचं, निघायचं, आणि जाता जाता हव्या त्या वस्तूला पायानं जरासं ढकलून "आणि हे कितीला देतोस?" असं विचारायचं.

मेहुणे आयटीत आहेत. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही. पितळेचा एक जुना नळ दिसताच ते उकिडवे बसले, तो दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्यांदा म्हणाले, "वा! काय पीस आहे!" त्या क्षणी नळाचा भाव तिप्पट झाला हे मला विक्रेत्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आता वहिनी पुढं आल्या. त्यांनी नळ घेतला, उलटा केला, त्याच्या तोटीत बोट घालून बघितलं, बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाल्या, "हे असलं आमच्या माळ्यावर पोत्यानं पडलंय. चला हो." भाव निम्म्यावर आला. मेहुण्यांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण ते म्हणाले, "अगं, आपल्या माळ्यावर कुठं आहे?"

नळ घरी आला. तो बसवायला आलेल्या प्लंबरनं सांगितलं की याचे आटे जुन्या मापाचे आहेत, सध्याच्या पाइपाला बसणार नाहीत. मग नळासाठी एक जोडतुकडा लेथवर बनवून घेतला. त्या एका तुकड्याच्या पैशात नवे दोन नळ आले असते. आता तो नळ वॉशबेसिनवर आहे, दिसतो फार सुंदर, आणि पाहुणा हात धुवायला गेला की मेहुणे मागं उभं राहून "उलटा फिरवा, उलटा" असं सांगत असतात.

नळापर्यंत ठीक होतं. खरी कथा दाराची आहे.

पुण्यात जुनं सागवान कुठून येतं, तर वाड्यांतून. पेठांतले वाडे १९६१ साली १२ जुलैला पानशेतच्या पुरात बरेच गेले. जे उरले त्यांना भाडेकरू कायद्यानं गाठलं. भाडी कित्येक दशकं जिथल्या तिथं गोठलेली, त्यामुळं मालकाला गळकं कौल बदलायला परवडेना आणि भाडेकरूला सोडवेना. दोघांनी मिळून वाडा पडायची वाट बघितली. मग बिल्डर आला. वाडा पाडताना दगड-माती राडारोड्यात जाते, माणसं उपनगरात जातात आणि तुळया, खांब, कडीपाट, चौकटी ठेकेदाराकडे जातात. तिथून ते लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी येऊन उभं राहतं. साधं लाकूड घनफुटावर विकतात. कोरीव लाकूड गिऱ्हाइकाकडे बघून विकतात.

मेहुण्यांनी तिथं एक दार पाहिलं. दोन झडपांचं, पितळी फुल्यांचं, वर गणेशपट्टी, खाली हातभर रुंद उंबरा, आतून लोखंडी कडी आणि सरकता लाकडी अडसर. दुकानदारानं त्याला नुसती थाप मारली. असा आवाज आला की मेहुण्यांचा पुढचा सगळा युक्तिवाद त्या आवाजातच विरला.

वाड्याचं दार ठेंगणं असतं. आत येणाऱ्यानं वाकून यावं, हा त्यामागचा शिष्टाचार असो की शत्रूला एकदम मुसंडी मारता येऊ नये हा हेतू असो, दार साडेपाच फुटांचं होतं आणि मेहुणे सहा फूट आहेत. शिवाय फ्लॅटच्या दाराची मोकळी जागा सात फूट बाय तीन. म्हणजे वर दीड फूट उरतं आणि बाजूला दार मावत नाही. "भिंत थोडी कापू," असं मेहुणे सहज म्हणाले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते ऐकलं आणि त्यांना घेरी येता येता राहिली.

पण भिंत कापायच्या आधी दार वर यायला हवं होतं. झडपा लिफ्टमध्ये तिरक्या करून गेल्या. चौकट गेली नाही. हमालांचा दर मजल्यावर असतो. पहिला मजला एका दरानं, तिसऱ्यापासून दुसऱ्या दरानं, आणि पाचव्या मजल्यावर चौकट टेकवून हमाल जिन्यात बसले की पुढचा दर ते सांगतील तो. गणेशपट्टीवरचा गणपती त्या दिवशी पाचव्या मजल्यावर दीड तास विसावला. तिथल्या एका आजींनी त्याला हळद-कुंकूही वाहिलं.

मग सुतार. पुण्यात हल्ली सुतारकामाला राजस्थानची मंडळी पुष्कळ आहेत, आणि हातात कसब आहे. मिस्त्रीनं दाराभोवती एक चक्कर मारली, खिशातून लोहचुंबक काढलं, लाकडावरून फिरवलं आणि ते जागोजाग चिकटताना दाखवलं. "साब, इसमें कील बहुत है." जुन्या लाकडाचं हे खरं दुखणं. बाहेरून दिसतं गुळगुळीत आणि आत दर वितीला एक खिळा. वखारीत असं लाकूड करवतीवर घ्यायला नाखूश असतात, कारण एक खिळा लागला की पातं गेलं. रंध्याचंही तेच. म्हणून जुन्या लाकडाचं काम मिस्त्री उक्तं घेत नाही, रोजावर घेतो. उक्तं आणि रोजावर यातला फरक ज्यांना कळला नाही, त्यांनी घराचं काम काढू नये. उक्त्या कामात मिस्त्रीला घाई असते. रोजाच्या कामात त्याला सागवानाबद्दल आदर वाटू लागतो.

तो आदरानं काम करत होता. आधी ऑइलपेंट खरवडला. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली एक गुलाबी थर होता. तो बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या वेळचा असावा, कारण दुसऱ्या कुठल्याही परिस्थितीत पुणेकर दाराला गुलाबी रंग देणार नाही. मेहुणे रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एकेका थराचा फोटो काढत. लाकूड निघाल्यावर मात्र सगळेच गप्प झाले. मधासारखा रंग, सरळ रेषा, आणि दीडशे वर्षांनंतरही रंधा मारल्यावर येणारा तो तेलकट वास. एवढं दार चांगलं होतं, यात वादच नाही. वाद पुढं झाला.

दार लागल्यावर लक्षात आलं की दार जिवंत आहे आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं घर मेलेलं दिसतंय. व्हिट्रिफाइड टाइल्स एकदम इस्पितळासारख्या वाटायला लागल्या. पीओपीच्या छताकडे बघवेना. आपल्याकडे त्या साधूची गोष्ट आहेच. लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून मांजर, मांजराला दूध हवं म्हणून गाय, गायीला राखायला माणूस, असं करत करत त्याचा प्रपंच उभा राहिला. मेहुण्यांची लंगोटी म्हणजे हे दार. दाराला शोभावी म्हणून लॉबीत शहाबादी आली. शहाबादीला शोभावा म्हणून झोपाळा आला. झोपाळ्याच्या कड्यांना आधार हवा म्हणून छताखालून जुनी तुळई घातली. ती तुळई काहीही पेलत नाही. पेलायचं काम वरची आरसीसीची तुळई करते आणि खालची फोटोत येते.

अडसराचं तर मला आजही नवल वाटतं. वाड्याच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या असतात. अडसर दिवसा भिंतीतल्या पोकळीत ढकलून ठेवायचा आणि रात्री बाहेर ओढून दारामागं आडवा घालायचा, अशी ती सोय. फ्लॅटची भिंत सहा इंच. अडसर पूर्ण आत ढकलला तर तो शेजाऱ्यांच्या फ्रिजला लागला असता. मेहुण्यांनी यावर तोड काढली. त्यांनी आतल्या बाजूनं प्लायवूडची एक खोटी जाड भिंत उभी केली. होय, प्लायवूडची. तिच्यावर मातीच्या रंगाचा लेप दिला, दोन कोनाडे काढले, कोनाड्यांत पणत्या ठेवल्या. आता लॉबीत एका वेळी एकच माणूस चपला काढू शकतो. दुसऱ्यानं बाहेर जिन्यात थांबायचं आणि पहिल्याचं डोकं गणेशपट्टीला आपटल्याचा आवाज आला की आत यायचं.

डोकं सगळ्यांचंच आपटतं. जेवणाचे डबे आणून देणाऱ्या मुलांना ते दार ठाऊक झालंय. ती हेल्मेट काढत नाहीत.

पुढं अलंगची वारी झाली. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात समुद्रकिनारी अलंग आहे. १९८३ सालापासून जगभरची म्हातारी जहाजं तिथं मोडायला येतात. पोलाद भट्ट्यांकडे जातं आणि जहाजाच्या पोटातला संसार किनाऱ्याकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानांत मांडला जातो. पलंग, सोफे, कपबश्या, शेगड्या, गाद्या, आरसे, दारं, जीवरक्षक जाकिटं. माल मजबूत आणि नव्याच्या मानानं खरोखर स्वस्त असतो. मेहुणे मित्राचा टेम्पो घेऊन गेले आणि एक जेवणाचं टेबल आणि खणांचं एक कपाट घेऊन आले.

जहाजावरच्या टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंच कड असते. लाट आली तरी ताट घसरून खाली जाऊ नये म्हणून. त्यामुळं पोळी लाटून झाल्यावर टेबलावर सांडलेलं पीठ पुसून खाली काढता येत नाही. ते कडेपर्यंत जातं आणि तिथंच राहतं. कपाटाचे खणही तसेच. जहाज कललं तरी आपोआप उघडू नयेत म्हणून ते आधी किंचित वर उचलायचे आणि मग ओढायचे. घरातल्या कुणालाच हे पहिले काही आठवडे उमजलं नाही, आणि त्या काळात सासूबाईंची रक्तदाबाची गोळी त्यातल्या एका खणात होती. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही तरी समजावा याला. सातव्या मजल्यावर कसली लाट येणार आहे? इथं टँकरसुद्धा वेळेवर येत नाही."

या टेबलाभोवती खुर्च्या मात्र मुंबईच्या आहेत. चोरबाजारातून, मटण स्ट्रीटवरून आणलेल्या. इराण्याच्या हॉटेलात असायच्या तशा, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या. त्या घराण्याची मूळ खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीनं १८५९ साली काढली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची तयार. सुट्ट्या केल्या तर छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून ती जगभर पोचली. मुंबईतले इराणी एकेक करत मिटले आणि त्यांच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, जाड काचेच्या बरण्या हे सगळं हळूहळू लोकांच्या दिवाणखान्यांत गेलं. मेहुण्यांनी आणलेल्या खुर्च्यांना "अस्सल व्हिएन्ना" म्हणून पैसे मोजले आहेत. मला त्यातल्या एकीच्या बैठकीखाली पेन्सिलनं गुजरातीत लिहिलेला आकडा दिसला. मी बोललो नाही. अस्सल असो नसो, बसायला उत्तम आहे, आणि बसल्यावर खालचा आकडा दिसतही नाही.

खुर्च्यांच्या बाबतीत मेहुण्यांना हसायला जावं तर ते चंडीगडचं उदाहरण फेकतात, आणि ते बिनतोड आहे. ल कॉर्बूझिएनं चंडीगड आखलं तेव्हा त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यानं तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या केल्या. पुढं पाय मोडले, वेत फाटला. सरकारी रिवाजानुसार त्या गच्चीवर ढिगानं रचल्या गेल्या आणि भंगाराच्या लिलावात फुंकल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, आणि मग युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत एकेका जोडीला लाखोंची बोली लागू लागली. हे वाचून आपलं सरकार खडबडून जागं झालं आणि २०११ साली गृह मंत्रालयानं असं फर्निचर विकायला बंदी केली. आता त्या खुर्च्यांवर बसणाऱ्या कारकुनांना आपण कशावर बसलोय हे कळलंय, म्हणून म्हणे ते सावकाश टेकतात.

मौज अशी की त्याच शहरात सार्वजनिक बांधकाम खात्याचे एक रस्ते निरीक्षक, नेकचंद, पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून फुटक्या बांगड्या, मोडकी बेसिनं आणि विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर गोळा करून सरकारी जंगलात चोरून एक बाग उभी करत होते. एक खातं फेकत होतं आणि त्याच सरकारचा एक नोकर वेचत होता. बाग उघडकीला आली तेव्हा ती पाडण्याची भाषा झाली. पण लोकांनाच ती आवडली, आणि १९७६ साली तिचं रीतसर उद्घाटन करावं लागलं. बेकायदा बांधकाम नियमित झाल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव सुंदर उदाहरण आहे.

मेहुण्यांच्या घरातल्या किरकोळ चमत्कारांची यादी करायची तर लेख पुरणार नाही. शिलाई मशीनच्या बिडाच्या सांगाड्यावर काच टाकून चहाचं टेबल केलंय. खाली पायडल तसंच आहे. चहाला बसलेला प्रत्येक माणूस नकळत पाय मारत राहतो. गंभीर विषय निघाला की वेग वाढतो. जात्याची तळी झाडांच्या कुंडीखाली आहे, दुधाच्या किटलीत छत्र्या आहेत, बंबात दिवा आहे आणि ताम्हणात गाडीच्या किल्ल्या. सासूबाईंना यातली एकेक वस्तू बघून काम आठवतं. "हा पाटा इथं उभा का केलाय? टाकी लावून घे, मी चटणी वाटते." पाट्याला टाकी लावणारा आता मिळत नाही, हे त्यांना पटत नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न भांड्यांवरच्या नावांचा. विकत आणलेल्या पितळेवर कुणाकुणाची नावं कोरलेली असतात. एका तांब्यावर मामाकडून मुंजीत मिळाल्याचा मजकूर आहे, एका परातीवर अर्धं झिजलेलं आडनाव आणि "बडोदे". पाहुणे विचारतात, "तुमचं मूळ घराणं बडोद्याचं का?" सुरुवातीला मेहुणे खरं सांगायचे. हल्ली ते नुसते मान हलवतात. त्यातच त्यांनी जुन्या बाजारातून एक चौकटीतला फोटो आणला. पगडी, उपरणं, हातात काठी आणि फोटोग्राफरवर अविश्वास असलेले एक गृहस्थ. झोपाळ्याच्या वर लावला. आल्यागेल्याला ते पणजोबा वाटतात. सासूबाईंनी काही दिवस तो सहन केला. पक्षपंधरवडा जवळ आला तेव्हा त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"लावलाच आहेस तर आता यांचं पानही वाढावं लागेल. दुसऱ्याच्या घरचा माणूस आणून भिंतीवर उपाशी ठेवायचा नाही."

"अगं आई, आपल्याला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही."

"मग विकत घेताना विचारायचं नाही का?"

गुरुजींशी फोनवर बोलणं झालं. अज्ञातांसाठीही सर्वपित्रीला सोय असते, असं ते म्हणाले. खीर, वडे, सगळं झालं. गृहस्थांच्या चेहऱ्यावर मला तरी नंतर थोडा निवांतपणा दिसला.

या सगळ्याला "स्वस्तात" म्हणण्यामागं मेहुण्यांची एक्सेल शीट आहे. त्यात वस्तूची मूळ किंमत लिहिलेली असते आणि तीच असते. हमाली, टेम्पो, मिस्त्रीचे रोज, पॉलिश, वाळवीचं औषध, लेथवरचे तुकडे यांना रकानाच नाही. वहिनींची वही वेगळी आहे. ती त्या कुणाला दाखवत नाहीत, पण इंटिरिअरवाल्याचं जुनं कोटेशन त्यांनी त्या वहीत जपून ठेवलंय आणि कधीमधी काढून प्रेमानं बघतात.

केरळमध्ये लॉरी बेकर नावाचे इंग्लंडात जन्मलेले वास्तुविशारद होऊन गेले. त्यांना गांधीजींनी सांगितलं होतं की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. बेकरनी तो सल्ला जन्मभर पाळला. जुनी दारं-खिडक्या, फुटक्या फरश्या, काचेच्या बाटल्या वापरून शेकडो घरं बांधली आणि ती खरंच स्वस्त पडली. पण त्यांचं गुपित जुन्या वस्तूंत फारसं नव्हतंच. ते प्रत्येक गोष्टीला "ही हवीच का?" असं विचारायचे. गिलावा हवाच का? नाही. मग रंगही नको. मेहुण्यांनी हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या भिंतीचा गिलावा छिन्नीनं उडवला. आत लाल वीट निघेल अशी त्यांची कल्पना. निघाले राखाडी ब्लॉक, घाईत थापलेलं सिमेंट आणि मधून गेलेली विजेची नळी. सध्या त्या भिंतीवर विटांचं चित्र असलेला वॉलपेपर आहे. पाच मैलांच्या आत दुसरं काही मिळालं नाही.

आणि निघालेल्या सामानाचं काय झालं, हे कुणीच विचारत नाही. फ्लॅटचं जुनं मुख्य दार चांगलं होतं. फ्लश डोअर, लॅचसकट. स्टीलचं सिंक, कडाप्प्याचा ओटा, ट्रॉल्या, बाल्कनीची ग्रिल. राडारोडा गोणीत भरून न्यायचा सोसायटीचा नियम असला तरी यातलं काहीही गोणीत गेलं नाही. घरकामाच्या मावशींनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांचा भाऊ हातगाडी घेऊन आला, दोन खेपांत सगळं गेलं, आणि मेहुण्यांच्या हमालांसारखं कुणी पाचव्या मजल्यावर बसलं नाही. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत मावशींनी मागं एक खोली वाढवली आहे. ती बघायला आम्ही सगळे गेलो. ओटा कोपऱ्यात फिट्ट बसला होता, ग्रिल खिडकीत, आणि दार तर असं बसलं होतं की मेहुणे चौकटीवर हात फिरवत राहिले. कुठं फट नाही, पाचर नाही.

"मावशी, माप कसं जुळवलंत?"

"जुळवायचं काय त्यात? दार आधी आणलं, मग त्याच्या मापाची भिंत बांधली."

मेहुणे फोटो काढायला लागले. मावशींनी चहा टाकला.

दारावर मेहुण्यांच्या नावाची पितळी पाटी तशीच आहे. नव्या दारावर त्यांनी मोडी लिपीतली पाटी लावली असल्यामुळं ती परत मागायचं कारण उरलं नाही, आणि कुरिअरवाल्यांना मोडी वाचता येत नसल्यामुळं मेहुण्यांची पार्सलं शेजारी जातात. मावशींनीही पाटी काढली नाही. चांगली जड आहे, म्हणाल्या. मध्यंतरी मतदारयादी तपासायला वस्तीत एक शिक्षिका फिरत होत्या. त्यांनी पाटी वाचली, यादीत नाव शोधलं, सापडेना. "हे गृहस्थ इथं राहतात का?" त्यांनी विचारलं.

मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "आधी फ्लॅटमध्ये होते. आता वाड्यात राहायला गेले."